अठरा चौकोनांचा माणूस: कैरो ते लक्सर

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि माझी ताई इतिहास, त्यामुळे आमची इजिप्तची ट्रिप पहिल्यापासून जरा वेगळी ठरली होती, क्रूझ नाही, उंटावर बसून फोटो नाहीत, जे काही पैसे आणि सुट्टी हातात आहे ते सगळं म्युझियम आणि थडग्यांच्या भिंतींवर घालवायचं. वर्गात इजिप्तचं चित्र दाखवलं की एक तरी पोरगं विचारतंच, टीचर यांना माणूस नीट काढता येत नव्हता का, तोंड एकीकडे, छाती एकीकडे. पुस्तकातलं उत्तर मला माहीत होतं, पण प्रत्यक्ष भिंतीसमोर उभं राहून ते पटतंय का ते बघायचं होतं.

शनिवार, कैरो, तहरीर चौकातलं जुनं म्युझियम

सकाळी फूल (शिजवलेल्या फावा बीन्स) आणि तामिया (त्याच बीन्सचे वडे) खाल्ली, मेट्रोने सादात स्टेशनला उतरलो आणि म्युझियम उघडायच्या वेळेला दारात हजर. सगळ्यात आधी गाठली ती नारमेर राजाची कोरीव दगडी पाटी. साधारण इ.स.पू. ३१०० ची, जेमतेम ६४ सेंटीमीटर उंच, हिरवट काळसर दगडाची, १८९७-९८ च्या उत्खननात हायराकोनपोलिसला सापडलेली. राजाने एका हातात गदा उगारलीये आणि दुसऱ्या हाताने गुडघ्यावर आलेल्या शत्रूचे केस धरलेत. पुढे तीन हजार वर्षं चालणार असलेले जवळपास सगळे नियम इथे आधीच हजर आहेत हे बघून अंगावर काटाच आला. चेहरा बाजूने पण डोळा पूर्ण समोरून, खांदे समोरून, कमरेपासून खाली परत बाजूने. राजा सगळ्यात मोठा, मागे त्याच्या चपला घेऊन उभा असलेला सेवक त्याच्या निम्म्याएवढा आणि त्याला उभं राहायला स्वतःची वेगळी छोटी रेघ. पाटीच्या दुसऱ्या बाजूला मुंडकी उडवलेल्या १० शत्रूंची प्रेतं दोन ओळींत मांडलीत, ती मात्र वरून बघितल्यासारखी, प्रत्येकाचं मुंडकं त्याच्याच पायांत ठेवलेलं. म्हणजे एकाच चित्रात राजा बाजूने आणि प्रेतं वरून. चित्रकार एका जागी उभा राहून समोर दिसतंय ते काढतच नाहीये, प्रत्येक गोष्ट जिथून सगळ्यात स्पष्ट कळेल तिथून काढतोय.

तिथून पुढे हेसिरेच्या लाकडी फळ्या. हा जोसेर राजाच्या काळातला मोठा अधिकारी, फळ्या त्याच्या सक्काराच्या थडग्यातल्या. त्यांच्यासमोर मी किती वेळ उभी होते ते ताईलाच विचारा. खांद्यावर लेखणीची पेटी आणि शाईची तबकडी लटकतेय, ओठावर बारीक मिशी, गालाचं हाड वर आलेलं, गळ्याखालच्या हाडाची नुसती चाहूल लागेल इतका हलका उठाव. आणि मग नजर पायांवर जाते, तर दोन्ही पायांची आतलीच बाजू आपल्याकडे, दोन्हीकडे अंगठा पुढे, दोन्ही तळव्यांची कमान दिसतेय, हिशोबाने एका माणसाला दोन डावे पाय! आता ज्याला लाकडात गळ्याचं हाड इतकं नाजूक काढता येतं त्याला पायाची बोटं काढता आली नसती हे कोणी सांगितलं तरी मी मानणार नाही. त्याने ठरवून तसे काढलेत. हे चित्र भिंतीच्या शोभेसाठी नव्हतंच, मेलेल्या माणसाचं पुढचं सगळं जगणं त्या चित्राच्या जिवावर चालणार होतं, मग हात अंगाआड गेला आणि दिसलाच नाही तर तो कायमचाच गेला. म्हणून सगळं पूर्ण दाखवायचं.

राहोतेप आणि नोफ्रेतची जोडी फोटोत शंभरदा बघितलेली, पण समोर वेगळंच वाटतं. मेदूमला १८७१ मध्ये सापडलेले हे दोन चुनखडीचे पुतळे, आणि आत पहिल्यांदा उजेड पडला तेव्हा त्यांचे स्फटिकाचे डोळे असे चमकले की मजूर घाबरले असं सांगतात. तो तांबूस तपकिरी, ती फिक्कट पिवळी. पुरुष उन्हातला, बाई सावलीतली, हा रंगाचा नियम भिंतींवर पुढे सगळीकडे भेटत राहतो. पण नोफ्रेतच्या कपाळाकडे नीट बघा, जड टोपाच्या खालून तिचे स्वतःचे केस मधे भांग पाडलेले दिसतात. एवढा कडक नियम आणि त्यात कुणीतरी हे इतकं बारीक बघून ठेवलंय.

पुतळ्यांचेही नियम आहेतच. उभा पुरुष म्हणजे डावा पाय पुढे, नजर थेट समोर, मुठी वळलेल्या. दगडाच्या पुतळ्यात हात आणि अंग यांच्यामधला, पायांमधला दगड काढतच नाहीत, पाठीला आधाराचा खांब ठेवतात, म्हणजे काही तुटणार नाही. का-आपेरचा पुतळा मात्र लाकडाचा, तिथे हात वेगळे करून जोडलेत त्यामुळे सगळं मोकळं आहे, पोट सुटलेला, गोल चेहऱ्याचा, समाधानी माणूस. १८६० मध्ये तो बाहेर निघाला तेव्हा मजुरांना तो आपल्या गावच्या मुखियासारखा दिसला आणि तेव्हापासून त्याचं नाव शेख अल-बलद पडलं ते पडलंच.

मला सगळ्यात जास्त आवडला तो सेनेब. हा राजदरबारातला बुटका अधिकारी, मांडी घालून बायकोच्या शेजारी बसलाय, तिने त्याला प्रेमाने धरलंय. दोघं बसल्यावर तिचे पाय खाली येतात, त्याचे येत नाहीत, मग तिथे जी रिकामी जागा राहिली असती तिथे शिल्पकाराने त्यांची दोन लहान मुलं उभी केलीत, तोंडाशी बोट धरलेली. त्याचं बुटकेपण लपवलेलं नाही, आणि तरी पूर्ण कुटुंबाची चौकट अशी भरली की कुठे काही कमी वाटत नाही. नियम पाळून इतकी माया दाखवता येते हे बघून मला भरून आलं.

शेवटी अखेनातेन राजाचे, लक्सरच्या कर्नाक देवळातून आलेले भव्य पुतळे. लांबलचक चेहरा, जाड ओठ, ओघळलेलं पोट, रुंद मांड्या. हजार-दीड हजार वर्षं राजाचं शरीर एका ठराविक मापात आखलं जात होतं आणि हा राजा येऊन ते मापच बदलतो. त्यावर शुक्रवारी बोलूच.

रविवार, सक्कारा

गाडी करून गेलो, पाणी आणि टॉर्च बरोबर घेतली. जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड बघितला पण आमचा जीव अडकला होता तो 'ती' नावाच्या माणसाच्या मस्तब्यात, म्हणजे सपाट छताच्या थडग्यात. हा 'ती' म्हणजे पाचव्या राजघराण्याच्या काळातला अधिकारी, आणि त्याच्या थडग्याच्या आतल्या खोलीत पाणघोड्यांच्या शिकारीचा जो देखावा आहे तो मला आख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात शहाणा देखावा वाटला.

मागे पपायरस या पाणवनस्पतीचे उभे सरळ दांडे, एकसारख्या खोदलेल्या रेघा, भिंत सगळी त्यांनीच भरलेली. वर जिथे फुलं आहेत तिथे पक्ष्यांची घरटी आणि पिल्लांच्या वासाने दांड्यावर चढत जाणारे छोटे शिकारी प्राणी. खाली पाणी म्हणजे नागमोडी रेघा, त्यात पाणघोडे आणि एकाच्या जबड्यात मगर. मधे होडीत 'ती' उभा आहे, बाकीच्यांच्या दुप्पट मोठा, ताठ, आणि काहीही करत नाहीये. भाले त्याची माणसं मारतायत, दोरही तीच माणसं ओढतायत, अंग वाकवून, हात वर करून. 'ती' नुसता बघतोय.

ताई म्हणाली, "अगं, बघ ना, जेवढा मोठा माणूस तेवढा त्याला हलायची बंदी." तिच्या या एका वाक्याने माझी पुढची सगळी ट्रिप बदलली. कारण खरंच तसं आहे. नियम सगळ्यांना सारखा नाही. मालकाला सगळ्यात कडक, नोकरांना सैल, आणि जनावरांना तर पूर्ण मोकळीक. त्याच थडग्यात गुरं पाण्यातून पलीकडे नेतानाचा देखावा आहे, एक गुराखी वासराला पाठीवर घेऊन पुढे चाललाय आणि वासरू मान वळवून मागे आईकडे बघतंय. पाण्याच्या नागमोडी रेघांतून गुरांचे पाय आरपार दिसतात. मान मागे वळवलेलं वासरू काढणारा तोच हात आहे ज्याने 'ती'ला खांबासारखं उभं केलंय! हे एकदा डोळ्यात भरलं की येत नव्हतं म्हणून असं काढलं हा मुद्दाच संपतो.

मेरेरुकाच्या थडग्यात तीसहून जास्त खोल्या. एका कोनाड्यातून मेरेरुका स्वतः माणसाएवढ्या उंचीचा पुतळा होऊन बाहेर चालत येतोय, समोर पायऱ्या आहेत, डावा पाय पुढे. आपण नैवेद्य घेऊन समोर उभं राहायचं अशी ती रचना. डावाच पाय का याचं उत्तर भिंतीवर सापडतं असं मला वाटतं, कारण भिंतीवरची माणसं शक्यतो उजवीकडे तोंड करून असतात, त्यात लांबचा पाय म्हणजे डावा, तोच पुढे टाकला तर दोन्ही पाय पूर्ण दिसतात.

सोमवार, गिझा, नवं म्युझियम

हे थोडक्यातच सांगते कारण गर्दी खूप होती. ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये शिरताच ८३ टनांचा रामसेस दुसरा उभा, २००६ पर्यंत हा कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकात धूर खात होता. तुतानखामेनच्या सोन्याच्या सिंहासनासमोर पाऊण तास गेला, त्याच्या पाठीवर तरुण राजा आरामात रेलून बसलाय, हात सहज टाकलेला, आणि राणी त्याच्या खांद्याला अत्तर लावतेय, वर अखेनातेनचं सूर्यबिंब आणि टोकाला हात असलेले किरण. इतका निवांत बसलेला राजा याआधी बघितला नव्हता. रात्री स्लीपर ट्रेनने लक्सर.

मंगळवार, लक्सर, राजांची दरी

उतरल्यावर थेट नदीच्या पश्चिमेला. आधी थुतमोस तिसऱ्याचं थडगं, दरीच्या पार टोकाला, कड्यात उंचावर, लोखंडी जिने चढून मग परत खोल आत उतरायचं. धाप लागते पण जा. आतली खोली लंबगोल, आणि भिंतीवर नुसत्या काळ्या-लाल रेघांत काढलेल्या शेकडो आकृत्या, डोकं म्हणजे एक टिंब, अंग म्हणजे एक रेघ. एखादा भला मोठा पपायरसचा कागद भिंतीला गुंडाळल्यासारखं दिसतं आणि तेच हवं होतं, कारण सूर्याच्या रात्रीच्या प्रवासाचा तो ग्रंथच आहे. म्हणजे काय काढायचंय त्याप्रमाणे हात बदलायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग सेती पहिल्याचं थडगं, त्याचं वेगळं महागडं तिकीट आहे, काढाच. १८१७ मध्ये बेल्झोनी या इटालियन शोधकाने उघडलेलं. रंगवलेली उठावाची चित्रं इतकी जिवंत आहेत की बाहेर यावंसं वाटत नाही, पण मला बघायची होती ती अर्धवट राहिलेली खांबांची खोली. तिथे कोरीवकाम झालंच नाही, फक्त रेखाटन आहे, आधी लाल रेघ आणि त्यावर काळ्या रेघेने केलेली दुरुस्ती. वर्गात मी मुलांच्या चित्रावर पेन्सिलने करते तेच काम, इथे तीन हजार वर्षांपूर्वीचं, कुठे खांदा किंचित खाली घेतलाय, कुठे पोटरी बारीक केलीये. काळी रेघ एका दमात ओढलेली, थरथर नाही.

आखणी कशी करायची तेही इथेच सांगते. लाल रंगात भिजवलेली दोरी ताणून भिंतीवर टिचकी मारायची, उभ्या-आडव्या रेघांची जाळी तयार. उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेघेपर्यंत १८ चौकोन, गुडघा सहाव्यावर, खांदे सोळाव्यावर, बसलेला माणूस १४. मूठ साधारण एक चौकोन. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी घालताना ठिपके बरोबर असले की दोघीतिघी मिळून घातली तरी ती एका हाताची वाटते, तसंच हे, एका भिंतीवर पाच जण राबले तरी राजा एकच दिसतो. पुढे इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपास हे माप बदललं, वरच्या पापणीपर्यंत २१ चौकोन झाले.

बुधवार, सरदार-अधिकाऱ्यांची थडगी

शेख अब्द अल-कुर्ना ही टेकडी. इथे टूरिस्ट ग्रुप फारसे येत नाहीत, त्यामुळे चौकीदार निवांत दाखवतात.

रामोसेच्या थडग्यात शिरलो आणि दोघीही गप्प झालो. रामोसे अमेनहोतेप तिसरा आणि त्याचा मुलगा अखेनातेन या दोघांचा वजीर, त्यामुळे हे थडगं बरोबर बदलाच्या वेळेला बांधलं जात होतं. एका भिंतीवर चुनखडीत कोरलेली मेजवानी, रंग नाहीच, फक्त डोळ्यांना काळी रेघ. टोपातल्या केसांची एकेक बट मोजता येईल. मागच्या भिंतीवर दाराच्या डाव्या बाजूला नवा राजा जुन्या पद्धतीने, ताठ, छत्राखाली बसलेला, बरोबर देवी मात. उजव्या बाजूला तोच राजा राणी नेफरतितीबरोबर सौधाच्या खिडकीत, आता अंग लवचिक, पोट सुटलेलं, वर सूर्याचे हात. एकच राजा, एकच भिंत, दोन पद्धती, मधे फक्त दार. पुस्तकात याची पानंच्या पानं वाचली होती, इथे मान डावीकडून उजवीकडे वळवली की झालं.

आणि रंगवलेल्या भिंतीवर रडणाऱ्या बायका. हात वर, गालावर अश्रूंच्या टिंबांच्या रेघा, एकमेकींच्या आड गेलेल्या, काही मागे वळलेल्या, त्यात एक लहान उघडी पोर. आता ताईचं वाक्य आठवा. वजिराचे पाहुणे पुतळ्यासारखे बसलेत आणि या बायकांना मात्र रडायला, वाकायला, एकमेकींना झाकायला परवानगी आहे.

रेखमिरेच्या थडग्यात तर याची हद्दच. लांबलचक बोळ, आत जाताना छत वर वर चढत जातं. मेजवानीत बायकांना वाढणाऱ्या मुलींमध्ये एक दासी चक्क पाठीकडून तिरपी काढलीये, असं इजिप्तच्या चित्रांत जवळपास दिसतच नाही. ज्याने ती काढली त्याला तिरपं वळलेलं अंग काढता येत होतं, फक्त मालकिणीला तसं काढायची मुभा नव्हती. त्याच थडग्यात तळं वरून बघितल्यासारखं चौकोनी आणि त्याच्या चारी बाजूंना झाडं आडवी झोपवलेली. शिवाय परदेशी लोक नजराणे घेऊन येतायत, जिराफाच्या मानेवर माकड चढतंय! शिल्पकार परांची बांधून मोठ्या पुतळ्याला घासून गुळगुळीत करतायत तेही आहे, म्हणजे स्वतःचं कामसुद्धा त्यांनी काढून ठेवलंय.

मेन्नाच्या थडग्यात शेतात दोन मुली एकमेकींचे केस ओढून भांडतायत, आणि एक जण दुसरीच्या पायातला काटा काढतेय. नख्तच्या थडग्यात खुर्चीखाली मांजर मासा खातंय. हे दोन्ही देखावे मालकाच्या चित्रापेक्षा लहान, पण नजर तिकडेच जाते.

गुरुवार, देर अल-मदीना

ज्यांनी ही राजांची थडगी खोदली आणि रंगवली ते कारागीर या छोट्या दरीतल्या गावात राहायचे, घरांचे पाये अजून दिसतात. आणि सुट्टीच्या वेळात त्यांनी स्वतःसाठी थडगी केली. १८८६ मध्ये सापडलेलं सेन्नेजेमचं थडगं खोलीएवढंच आहे, कमानीचं छत, सोनेरी पिवळी पार्श्वभूमी. परलोकातल्या शेतात तो आणि बायको इयनोफरती कापणी-नांगरणी करतायत, अंगावर पांढरे झिरझिरीत सणाचे कपडे. तिथे चिखल लागतच नाही म्हटल्यावर कपडे कशाला बदलायचे. पाशेदूच्या थडग्यात नातेवाइकांचे केस चक्क पांढरे आणि करडे काढलेत, राजाच्या थडग्यात म्हातारा राजा मला एकही दिसला नाही.

या गावात चुनखडीच्या कपच्यांवर काढलेली हजारो रेखाटनं सापडलीत. कोलांटीसारखी मागे वाकलेली नर्तकी, केस खाली लोंबतायत, ती आता तुरिनच्या म्युझियममध्ये आहे. उंदराची सेवा करणारी मांजरं वगैरे उलटसुलट जगही आहे. दिवसभर १८ चौकोनांत राजा काढणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत कपची उचलून हे काढत असेल, असं माझ्या मनाने घेतलंय.

शुक्रवार, लक्सर म्युझियम आणि कर्नाक

कर्नाक सकाळी सहाला उघडतं, आम्ही पहिल्या लोकांत. १३४ खांबांच्या दालनात लोक माना वर करून फिरतात, आम्ही भिंती धरल्या. उत्तरेचा अर्धा भाग सेतीचा, तिथे आकृत्या भिंतीपासून वर उठलेल्या, भोवतालचा दगड सगळा तासून काढलेला, अतिशय वेळखाऊ काम. दक्षिणेचा अर्धा त्याच्या मुलाचा, रामसेस दुसऱ्याचा, तिथे आकृती दगडाच्या आत खोदलेली. सुरुवातीला रामसेसनेही बापासारखंच उठावात काम चालू केलं होतं, मग पद्धत बदलली आणि आधीचंही आत खोदून घेतलं. खोल खोदकाम लवकर होतं आणि पुसायला अवघड. पण सौंदर्य म्हणाल तर माझं मत सेतीला, नाकाचा आणि गालाचा उतार बोटाने चाचपावासा वाटतो (हात लावू नका अर्थात).

दुपारी लक्सर म्युझियम, छोटं, शांत, प्रत्येक वस्तूला जागा. सेनुस्रेत तिसऱ्याचं डोकं बघा, डोळ्याखाली सुरकुत्या, ओठांचे कोपरे खाली, कान मोठे, दमलेला राजा. धड मात्र या राजाच्या पुतळ्यांना तरुण आणि भरदारच असतं. म्हणजे चेहऱ्यापुरती सूट. अखेनातेनने ती सूट अख्ख्या शरीराला दिली, आणि तिथेसुद्धा अंदाधुंदी नाही, अभ्यासकांच्या मते त्याच्या आकृत्या १८ ऐवजी २० चौकोनांत बसवल्यात, वाढलेले चौकोन मान आणि धडात. इथे त्याच्या मोडलेल्या देवळाच्या छोट्या दगडांतून २८३ जोडून एक पूर्ण भिंत उभी केलीये, त्यात नोकर पळतायत, ओझी उचलतायत, वाकतायत, अगदी 'ती'च्या होडीतल्या माणसांसारखेच. वरच्याचं माप बदललं तरी खालच्यांची चाल तीच राहिली. ताई त्या भिंतीसमोर बाकावर बसली ती म्युझियम बंद व्हायची घंटा होईपर्यंत उठली नाही.

जाणाऱ्यांसाठी एक सांगते. कर्नाकच्या दालनाच्या दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीवर रामसेसच्या लढाया आत खोदलेल्या आहेत, त्या सकाळच्या तिरप्या उन्हातच बघा, खोदलेल्या कडेची सावली धरली की रथ, घोडे, पडलेली माणसं सगळं सुटं सुटं वाचता येतं. पश्चिमेच्या थडग्यांसाठी किमान दोन सकाळी ठेवा आणि रामोसे-रेखमिरेची तिकिटं वेगळी असतात, ती मेम्नॉनच्या पुतळ्यांजवळच्या खिडकीवर आधीच घ्या, वर दरवाजात मिळत नाहीत.